त्या रविवारी वर्ध्यात सर्जन नव्हता

कुंदा,

मुक्ता परवा बंगळूरला परत गेली. जाताना तिनं फ्रीज डब्यांनी भरून ठेवला आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "बाबा, जेवत जा." मी मान हलवली. गाडी वळली, मी आत आलो, दार लावलं, आणि नालवाडीतलं हे आपलं घर एवढं मोठं आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. काल दिवसभरात मी एकदाच तोंड उघडलं, दूधवाल्यापाशी. "उद्यापासून अर्धाच लिटर," म्हणालो. तो बिचारा सायकल वळवून निघून गेला.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. देवळीहून, अल्लीपूरहून लोक येत होते. तू कोणाचं पित्ताशय काढलेलं, कोणाचा हर्निया शिवलेला, कोणाच्या सुनेला वेळेवर वर्ध्याला पाठवलेलं. सगळे एकच बोलत होते, "मॅडमचा हात लय हलका होता, सर." मी हो हो म्हणत होतो. तुझं शिक्षण, तुझं काम, आपण देवळीत दवाखाना कधी काढला, हे सगळं पेपरात छापून आलंय, ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला दुसरंच काही हवं होतं. आलेल्यांपैकी कोणीतरी माझ्याशी भांडावं असं वाटत होतं. सगळे माझ्याशी इतक्या जपून बोलत होते की मीच आजारी आहे असं वाटावं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन असं तोंड करून बसला बे?"

तीस-पस्तीस वर्षं इथे काढली तरी मी साताऱ्याचाच राहिलो. शिकायला वर्ध्याला आलो आणि तुझ्यामुळे इथलाच झालो. पण तुझी बोली काही माझ्या जिभेवर बसली नाही. तू बाई असून "मी येतो, मी जातो" म्हणायचीस. माझी आई पहिल्यांदा ते ऐकून गोंधळून माझ्याकडे बघत राहिली होती. आता घरात ती बोली बोलणारं कोणी नाही. मुक्तासुद्धा फोनवर पेपरातल्यासारखं मराठी बोलते.

तू सर्जन आणि मी भूल देणारा. लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, बरं जमलं, एकमेकांशिवाय तुमचं चालायचं नाही. चालायचं नाही हे खरं, पण पटायचंही नाही. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला तपासायच्या आधी वेदना कमी करणारं इंजेक्शन द्यायचं नाही, असं तुला तुझ्या सरांनी शिकवलेलं. दुखणं झाकलं की रोग झाकला जातो, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचो, तो काळ गेला. माणूस तळमळतोय, आधी त्याला आराम दे, मग शांतपणे तपास. सुजलेलं अपेंडिक्स एका इंजेक्शननं लपत नाही. तू म्हणायचीस, "तुले झोपवता येते, श्री. तपासाचं माह्याकडं राहू दे." हा वाद किती तरी वर्षं चालला. आणि मग एक दिवस, एक शेतकरी पोट धरून ओणवा होऊन आला तेव्हा, माझ्याकडे न बघता तू शोभा सिस्टरला म्हणालीस, "याले पह्यले दुखण्याचं इंजेक्शन दे. मी मंग पाह्यतो." त्या दिवशी घरी येताना तू गाडीत गाणं गुणगुणत होतीस. हरल्यावर गाणं म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण एक वाद मिटला नाही. माझ्या अपेंडिक्सचा.

आपल्याकडे आलेल्या कितीतरी अपेंडिक्समधलं एक माझं होतं. त्याच्याआधी अल्लीपूरच्या त्या शाळकरी मुलीचं सांगायला हवं, कारण तिच्यानंतर तू बदललीस. तुझ्या भावाच्या घरामागे राहणारी मुलगी. पोटात दुखत होतं, ताप होता, पण सोनोग्राफीत अपेंडिक्स काही दिसलं नव्हतं. तू तिला ठेवून घेतलंस, दर थोड्या वेळानं पोटावर हात ठेवून पाहत होतीस. तिचं दुखणं कमी झालं, आई खूश झाली, आणि तुझा चेहरा उतरला. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं, हे तुला माहीत होतं. पोट उघडलं तेव्हा आत पू पसरलेला. मुलगी वाचली, पण बरी व्हायला तिला फार दिवस लागले. त्या दिवसांत तू रोज तिच्या पलंगावर बसून तिची वेणी घालायचीस. तेव्हापासून कोणी सोनोग्राफीचा कागद पुढे केला की तू म्हणायचीस, "फोटोत नाई दिसलं म्हणून पोटात नाई, असं नसते."

माझी पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली.

आदल्या दिवशी आपण तुझ्या भावाकडे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आलो होतो. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तुपाची धार, आणि वहिनीचा आग्रह. सकाळी उठलो तर बेंबीभोवती काहीतरी गोळा झाल्यासारखं दुखत होतं. मला वाटलं, रोडगे. तू चहाचा कप पुढे ठेवलास. मी एक घोट घेतला आणि सरकवून दिला.

तू माझ्याकडे पाहिलंस. "चाय काऊन ठेवला?"

"नको वाटतंय."

"तुले? चाय नको?"

रविवार होता, पण आदल्या दिवशीचा एक पेशंट पाहायला आपल्याला देवळीला जायचंच होतं. आवरताना मला एक उलटी झाली. तू बाहेरून विचारलंस, "आधी दुखलं का आधी ओकारी आली?" मी चिडून म्हणालो, "आधी दुखलं. रोडगे जास्त झाले, बाकी काही नाही." तू गाडीची किल्ली माझ्या हातातून काढून घेतलीस.

देवळीच्या रस्त्यावर तू एरवी गतिरोधक दिसला की बैलगाडीसारखी गाडी चालवायचीस. त्या दिवशी पहिला गतिरोधक आला आणि तू वेग कमीच केला नाहीस. गाडी उडाली आणि माझ्या तोंडून "आई गं" बाहेर पडलं. हात आपोआप उजव्या बाजूला, कमरेच्या जरा वर गेला. तू आरशातून नाही, सरळ माझ्याकडे बघितलंस.

"मुद्दाम केलंस," मी म्हणालो.

"हो. आता बेंबीपाशी नाई दुखून राह्यलं ना?"

"नाही. इकडे."

"अपेंडिक्स हाय, श्री."

मी हसलो. म्हणालो, अपेंडिक्स पुढे दुखतं, हे मागे, कंबरेकडे दुखतंय. मुतखडा असेल. तू म्हणालीस, "पाहू."

दवाखान्यात तू मला तपासायच्या टेबलावर घेतलंस. शोभा सिस्टर हसू दाबत उभी होती, कारण मी कपडे नीट करत कुरकुर करत होतो. तू पोट पुढून दाबलंस, फारसं दुखलं नाही. मी म्हणालो, "बघ." मग तू मला डाव्या कुशीवर वळवलंस आणि उजवा पाय गुडघ्यात न वाकवता मागे ओढलास. मी ओरडलो. हसणारी सिस्टर एकदम पुढे आली. अपेंडिक्स कधीकधी आतड्याच्या मागे लपून कंबरेच्या स्नायूवर टेकलेलं असतं, पुढून हाताला लागत नाही. पाय मागे गेला की तो स्नायू ताणला जातो आणि दुखणं सापडतं. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. स्वतःच्या अंगावर कळलं ते त्या दिवशी.

बाकी तपासण्यांआधी मला दुखण्याचं इंजेक्शन दिलंस. ते माझ्या वादाचं बक्षीस. मग रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. लघवी तपासली, खड्याचं काही नाही. गावातल्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना तू घरून बोलावून घेतलंस. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, गॅस फार आहे. अपेंडिक्स काही दिसत नाही."

"दिसत नाही," मी म्हणालो, "म्हणजे सीटी काढू. वर्ध्याला जाऊ. मोठ्या हॉस्पिटलात काय करायचं ते तिथले करतील."

"मले शंका असती तर मीच नेलं असतं."

"मग तिथे ऑपरेशन करू. वर्धा काही लांब नाही. आपण राहतो तिथेच."

"वर्ध्यात सर्जन कुठं हाय आज? सगळे नागपूरले कॉन्फरन्सले गेले."

"कोणीतरी असेलच की, कुंदा. आपल्या माणसावर आपण सुरी चालवत नसतो."

"सकाळपासून दुखते. आतमधी लपून बसलंय, फुटलं तर समजणार बी नाई. मी फोन लावतो, कोणी भेटलं तर ठीक."

तू बाहेर गेलीस. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा नेहमीसारखाच होता. "कोणीच नाई," म्हणालीस. "प्रकाश येऊन राह्यला भूल द्याले. मी करतो."

प्रकाश आपला वर्गमित्र, वर्ध्याहून आला. त्यानं माझ्या पाठीत सुई घातली तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं लोकांना "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं खोटं सांगत आलो. पाय जड झाले, मग नाहीसेच झाले. छातीसमोर हिरवा कपडा लावला. माझ्या जागी, माझ्या यंत्रापाशी प्रकाश बसला, आणि मी माझ्याच नाडीची टिकटिक ऐकत पडलो.

ऑपरेशन करताना तू बडबडायचीस. भाजीचे भाव, मुक्ताचं कॉलेज, कोणाच्या लग्नात काय जेवण होतं. सिस्टर आणि मी हं हं करत असू. त्या दिवशी तू एक शब्द बोलली नाहीस. फक्त "चिमटा", "कात्री", "टॉवेल". त्यावरून मी ओळखलं की अवघड चाललंय. मग आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. दुखत नव्हतं, पण पोटातून कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं आणि मळमळ घशाशी आली. हे होतं हे मीच पेशंटना सांगायचो.

"श्वास घ्या," तू कपड्यापलीकडून म्हणालीस. "लंबा श्वास घ्या. घाबरू नका."

घ्या. घाबरू नका. एवढ्या वर्षांत तू मला तुम्ही म्हणालीस ते त्या एकाच वेळी.

त्यानंतर सगळं थांबलं. तुझा हात माझ्या पोटात होता आणि हलत नव्हता, हे मला कळत होतं. प्रकाशनं मान वर करून पलीकडे पाहिलं आणि पटकन खाली घातली. मी विचारलं, "काय झालं?" टिकटिक वाढली. माझीच. मला खूप उशिरा समजलं की आतड्याच्या मागे तुझ्या बोटांना एक कडक गोळा लागला होता, आणि त्या वयात असा गोळा नुसत्या सुजेचाच असेल असं नाही, कॅन्सरचाही असू शकतो. तो कशाचा आहे हे हातानं ठरेपर्यंत तू तिथे उभी होतीस. मी पडलो होतो. प्रकाश यंत्राकडे बघत होता. तू एकटीच होतीस.

मग तू म्हणालीस, "सापडलं."

चिकटलेलं सोडवून तू ते वर आणलंस, मुळाशी बांधलंस आणि कापलंस. आतडं पुन्हा बोटांनी चाचपून पाहिलंस. मी हट्ट केला म्हणून ट्रे माझ्या डोळ्यांसमोर धरलास. करंगळीएवढा लाल, टरटरीत फुगलेला तुकडा, टोक काळं पडलेलं. "पाह्य," म्हणालीस. "रोडगे."

प्रकाश खो खो हसला. मीही हसलो, म्हणजे तोंडानं. पोट हसत नव्हतं. तू हसली नाहीस.

संध्याकाळपर्यंत तू माझ्या खोलीत आलीच नाहीस. मी सिस्टरला विचारत होतो, ती म्हणे, "मॅडम वॉर्डात हायेत, सर." आलीस तेव्हा केस नीट विंचरलेले, दुसरी साडी. पलंगाच्या पायाशी उभी राहून, सगळ्या पेशंटना विचारायचीस तसं, खोलीबाहेरच्या नातेवाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "पादला का?" मी म्हणालो, "हळू बोल ना." "तेच तर खरं हाय," म्हणालीस. "आतडं चालू झालं का नाई ते मले समजा लागंन ना." दुसऱ्या दिवशी मला धरून चालवलंस. टाके काढलेस. पेशीतपासणीत दुसरं काही निघालं नाही. मी बरा झालो आणि भांडायला लागलो.

इतकी वर्षं मी तेच म्हणत आलो. वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला देवळीला नेऊन, सीटी न काढता, स्वतःच्या नवऱ्याचं पोट कशाला उघडायचं? हात थरथरला असता तर? खरंच गोळा निघाला असता तर? पाहुण्यांसमोर, जेवताना, गाडीत, कुठेही हा वाद निघायचा. तू प्रत्येक वेळी एकच सांगायचीस, "वर्ध्यात सर्जन नव्हता." आणि एकदा मी विचारलं, त्या दिवशी ऑपरेशननंतर कुठे होतीस, तर म्हणालीस, "अपेंडिक्स होतं, काढलं. काय धरून बसला?" पुढे काही नाही. मग मीही तो प्रश्न विचारणं सोडलं.

आज दुपारी शोभा सिस्टर आली होती. आता तिचे केस पांढरे झालेत, गुडघे धरून पायऱ्या चढली. मी चहा केला. साखर कमी झाली, पण ती प्यायली. मग तुझाच विषय काढायचा म्हणून मी तो वाद काढला. म्हणालो, "सिस्टर, तुमच्या मॅडमनं मला त्या दिवशी देवळीतच कापलं, वर्ध्यात सर्जन नाही म्हणून."

ती कपाकडे बघत राहिली.

"सर," ती म्हणाली, "सर्जन होते जी."

"म्हणजे?"

"मॅडमचे सर होते ना, म्हातारे. ते कॉन्फरन्सले गेलते नाई. मीच फोन लावून देला होता. ते म्हणे, मी निघतो, अर्ध्या तासात येतो. मॅडम म्हणे, नोका येऊ."

"का?"

"मी बाजूलेच उभी होतो. मॅडम म्हणे, सर, तुमी आले तर मले बाहेर बसा लागंन. मले बाहेर बसता येणार नाई, सर." सिस्टरनं डोळे पुसले. "आन् ऑपरेशन झाल्यावर कपडे बदलाच्या खोलीत गेल्या, तर लय वेळ बाहेरच नाई आल्या. मी दार वाजवलं तर म्हणे, येतो, तू जाय. नळ सुरू ठेवला होता. तुमाले सांगू नको म्हणे. आता त्याच नाई राह्यल्या, तर कोणाले लपवू."

ती गेली. मी कप धुतले. दोन कप होते.

कुंदा, मी तुझ्याशी भांडत होतो सर्जनच्या हाताबद्दल, सीटीबद्दल, नियमाबद्दल. तू कधी सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो माहीत नाही. बहुतेक हसलो असतो. बायकीपणा म्हणालो असतो. बरं केलंस, नाही सांगितलंस. कारण आतापर्यंत मला ते समजलं नसतं.

गेल्या महिन्यात तू सकाळी अंगणात तुळशीपाशी खाली बसलीस आणि उठली नाहीस. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, लगेच ऑपरेशनला घ्यायचं होतं. भूल देणारा मुलगा आपल्याच हाताखाली शिकलेला. मी त्याच्यामागोमाग दारापर्यंत गेलो. त्यानं माझे दोन्ही हात धरले, फार मऊ आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही बाहेर बसा ना. आम्ही आहोत."

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, कितीतरी लोकांना म्हणालोय. आपल्या देवळीच्या दवाखान्यात थिएटरबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर आयुष्यात मी कधी बसलो नाही. दारातून जाता-येता तिथे बसलेली माणसं उठून उभी राहायची, मी हातानं बसा म्हणायचो आणि आत जायचो. बसणाऱ्याला तिथे काय होतं याचा विचार कधी केला नव्हता. दार उघडलं की उभं राहायचं. दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं की पुन्हा बसायचं. आतला आवाज येत नाही, आणि आत काय चाललंय त्याची एकेक पायरी मला तर माहीत होती, ते अजून वाईट.

तू हे आधीच ओळखलं होतंस. देवळीत, सरांशी फोनवर बोलताना. म्हणून तू नाही म्हणालीस.

तुझी बाजू बरोबर होती, कुंदा. मला तुझ्यासारखं "नाही" म्हणता आलं नाही. तो म्हणाला बाहेर बसा, आणि मी बसलो. तू आत होतीस.